तारपावादक (वारली चित्रविषय)

तारपावादक हा वारली चित्रकलेतील सर्वांत परिचित विषयांपैकी एक आहे. मध्ये तारपा फुंकणारा वादक आणि त्याच्याभोवती हात गुंफून वळसे घेत नाचणारे स्त्री-पुरुष, असे या चित्राचे स्वरूप असते. वारली समाज मुख्यतः ठाणे व पालघर जिल्ह्यांत राहतो. ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड तालुक्यांत वारल्यांबरोबर ठाकर, कातकरी आणि महादेव कोळी या समाजांचीही वस्ती आहे. संपूर्ण शहापूर तालुका आणि मुरबाड तालुक्यातील काही गावे अनुसूचित क्षेत्रात येतात.

वाद्य

तारपा हे फुंकून वाजवण्याचे वाद्य आहे. वाळवून पोकळ केलेल्या दुधी भोपळ्यात बांबूच्या दोन नळ्या मेणाने बसवतात व नळ्यांच्या टोकाला ताडाच्या पानांचा कर्णा जोडतात. नळ्यांवरील छिद्रांची बोटांनी उघडझाप केली की सूर बदलतो. वादक गालांत हवा साठवून नाकाने श्वास घेतो, त्यामुळे नाद खंडित होत नाही. भाताची कापणी झाल्यावर तारपानृत्याचे दिवस सुरू होतात.

चित्रातील मांडणी

मूळ चित्र गेरूने सारवलेल्या कुडाच्या भिंतीवर, तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रंगाने व बांबूच्या काडीने काढतात. टोकाशी जुळलेले दोन त्रिकोण म्हणजे माणसाचे शरीर. वादकाने सुरावट बदलली की नाचणाऱ्यांची पावले बदलतात, आणि तारप्याकडे पाठ करायची नाही असा संकेत आहे. चित्रातील वळसा हा संकेतच रेखाटतो.

प्रतिकृती

विवाहातील चौक सवाशिणी लिहीत. १९७०च्या दशकात भास्कर कुलकर्णी यांच्या प्रयत्नांमुळे ही कला कागदावर आली. डहाणू तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा म्हसे (पद्मश्री, २०११) यांनी ती जगभर पोहोचवली. पुढे तारपावादक कापडावर, शुभेच्छापत्रांवर आणि शाळांच्या भिंतींवर छापला व रंगवला जाऊ लागला. अशा प्रतिकृतींत दोन नळ्यांची अनेकदा एकच रेघ होते. काही नक्षींत तर वादक गळून केवळ नाचणाऱ्यांचे वर्तुळ उरते.

वारली चित्रकलेला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. हे मानांकन चित्राचे आहे. तारपा घडवण्याचे व वाजवण्याचे कौशल्य मात्र जाणत्या वादकाजवळ बसूनच शिकावे लागते.