मत्स्यवेध

मत्स्यवेध म्हटले की आपल्याला अर्जुन आठवतो. वर फिरणारा मासा, खाली पाण्यात त्याचे प्रतिबिंब आणि त्या प्रतिबिंबाकडे पाहून सोडलेला बाण, ही गोष्ट आपण सर्वांनी लहानपणापासून ऐकलेली आहे. परंतु मासा वर नसून खाली पाण्यातच असेल तर? तेव्हा नेम कोठे धरायचा? हा प्रश्न मला पुस्तकामुळे पडला नाही. तो आमच्या घरी संध्याकाळी कालवण होणार की नाही, यातून पडला.

आमचे गाव वडवणी तालुक्यात, उपळीच्या कुंडलिका धरणापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. दिवाळीच्या सुमारास आईवडील ऊसतोडीला जात आणि पाडव्याच्या आसपास परतत. मी आणि धाकटा भाऊ आजोबांजवळ राहत असू. आजोबांकडे एक भाला होता. सहा हात वेळूची काठी आणि टोकाला लोहाराकडून घडवून घेतलेले पाच काटे, एवढेच त्याचे वैभव. त्याला आमच्या घरात कोणी छंद म्हटले नाही. छंद हा शब्द मी शाळेत निबंध लिहिताना प्रथम लिहिला, आणि तेथेही ‘तिकिटे जमविणे’ असे खोटेच लिहिले.

पुढे वाचनात आले की, भाल्याने मासे मारणे हा जगात अनेकांचा छंद आहे. भाला तसा फार जुना. मात्र पाण्याखाली बुडी मारून मासा टिपण्याचा आधुनिक छंद १९३० नंतरच्या दशकात भूमध्य समुद्राच्या फ्रेंच किनाऱ्यावर बहरला. गाय गिलपॅट्रिक या अमेरिकन लेखकाने १९३८ साली त्यावर पुस्तक लिहिले. समुद्रसंशोधक म्हणून पुढे जगप्रसिद्ध झालेले झाक कुस्तो यांचे सहकारी फ्रेदेरिक द्युमा हेही मुळात असेच भालेवाले होते. या मंडळींनी हातातल्या भाल्याची बंदूक केली. काही बंदुका स्प्रिंगवर चालतात, काही दाबलेल्या हवेवर, तर पुष्कळशा रबरावर. आपल्या उंचीला, हाताला आणि पाण्याला साजेल अशी बंदूक स्वतः बनविणे हा त्या छंदातला अर्धा आनंद मानला जातो.

हे वाचून मलाही तशी बंदूक करावीशी वाटली. परंतु बंदुकीआधी डोळ्याविषयी सांगितले पाहिजे.

मी प्रथम भाला हाती घेतला तेव्हा दहा वर्षांचा होतो. मासा स्पष्ट दिसत होता. मी नेमका त्याच्यावर भाला मारला आणि तो निसटला. असे सात-आठ वेळा झाले. आजोबा काठावरून म्हणाले, “लेका, दिसतोय तिथं मासा नसतो. त्याच्या खाली मार.” मला वाटले, म्हातारा थट्टा करतो आहे. पुढे शाळेत विज्ञानाच्या तासाला वक्रीभवनाचा धडा आला आणि मी बाकावरच ताठ झालो. वाटीच्या तळाशी नाणे ठेवावे, ते कडेआड दिसेनासे होईल इतके मागे सरकावे, मग कोणाला तरी वाटीत पाणी ओतायला सांगावे. नाणे पुन्हा दिसू लागते. प्रकाशकिरण पाण्यातून हवेत येताना वाकतो. आपला डोळा मात्र तो सरळच आला असे धरून चालतो. म्हणून पाण्यातली वस्तू आहे त्यापेक्षा वर उचललेली दिसते. सरळ वरून पाहिले तर चार फूट खोलीवरचा दगड तीन फुटांवर भासतो. या वाकण्याचा नियम स्नेल या डच गणितज्ञाने १६२१ च्या सुमारास मांडला.

तिरके पाहिले तर फसवणूक वाढते. मी कागदावर आकृती काढून हिशेब केला. ४५ अंशांच्या तिरक्या नजरेच्या रेषेत सरळ भाला मारला, तर एक फूट खोलीवर तो माशाच्या पलीकडे सुमारे साडेचार इंचांवर जातो. दोन फूट खोलीवर ही चूक नऊ इंच होते. म्हणजे वीतभर मासा असेल तर सबंध निसटला. म्हणून नेम दिसणाऱ्या माशाच्या खाली, आपल्या बाजूला धरावा, आणि जमेल तितके माशाच्या वर जाऊन सरळ खाली मारावे. आजोबांनी स्नेलचे नाव ऐकले नव्हते, पण त्यांचा हात हा हिशेब रोज करीत होता.

बुडी मारून शिकार करणाऱ्याची अडचण निराळी. त्याच्या चष्म्याच्या काचेमागे हवा असते. त्यामुळे पाण्यातली प्रत्येक वस्तू त्याला मूळ अंतराच्या सुमारे तीन-चतुर्थांश अंतरावर, म्हणून मोठीही, दिसते. नवखा माणूस लांबूनच बाण सोडतो आणि हात हलवीत वर येतो.

आता बंदूक. बारावीच्या सुटीत मी ती तयार केली. जुन्या चौकटीच्या सागवानी लाकडाचा साडेतीन फुटी दांडा तासून त्यावर वरच्या अंगाला सरळ खाच पाडली. त्या खाचेत बाण बसतो. बाणासाठी ६ मिलिमीटरची लोखंडी सळई घेतली. एका टोकाला धार करून मागे दुमडणारी आकडी बसविली, म्हणजे मासा घसरत नाही. रबर म्हणून सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या एकावर एक बांधल्या. सळईला नायलॉनची दोरी बांधून तिचे दुसरे टोक दांड्याला अडकविले.

यात तीन गोष्टी ध्यानात आल्या. पहिली ही की, रबर किती जाड आहे याइतकेच ते किती लांब ताणले जाते याला महत्त्व आहे. ताण दुप्पट केला तर साठणारी ऊर्जा साधारण चौपट होते; म्हणून लांब दांड्याची बंदूक जोरकस असते. दुसरी, पाणी हवेपेक्षा सुमारे आठशेपट दाट असल्याने पाण्यात बाणाचा वेग लगेच मरतो. घरच्या बंदुकीने हात-दोन हातांपलीकडच्या माशाची आशा धरू नये. तिसरी, बाण पुढे जाताना बंदूक मागे येते. दांडा वजनदार असेल तर हा धक्का कमी बसतो; पण इतकाही जड नको की बाण सुटल्यावर बंदूक बुडेल.

या सगळ्यात अवघड भाग म्हणजे चाप. मी वाकविलेल्या खिळ्याचा चाप केला होता. अंगणात रबर चढवून भावाला दाखवीत असताना खिळा सरकला. सळई गोठ्याच्या मेढीत बोटभर रुतली. मेढीपासून हातभर अंतरावर भाऊ उभा होता. आजोबांनी ते पाहिले. ते रागावले नाहीत. सळई उपटून त्यांनी कोनाड्यात ठेवली आणि महिनाभर मला दिली नाही. नंतर मी चापाला अडसर बसविला आणि नियम केला : टोक पाण्यात बुडाल्याशिवाय रबर चढवायचे नाही, आणि पाण्याबाहेर येण्यापूर्वी ते उतरवायचे. जगभरचे शिकारीही हाच नियम पाळतात, हे मला नंतर कळले.

शेवटची गोष्ट सांगायला जड जाते. भादव्यात पाण्याच्या कडेला तांबूस पिलांचा पुंजका तरंगताना दिसला. मरळ माशाची ती पिले. त्यांच्याखाली मोठी मरळ राखणीला असते आणि मधूनमधून हवा घ्यायला वर येते. मी कमरेइतक्या पाण्यात उभा राहिलो. ती वर आली. नेम खाली धरला. माझा तो पहिला अचूक वेध. हिशेब बरोबर, चाप बरोबर, हात बरोबर. धावत घरी आलो. आजोबांनी विचारले, “पिलं होती का?” मी हो म्हणालो. ते काही बोलले नाहीत. त्या रात्री त्यांनी चटणीशी भाकर खाल्ली. उपाशी दिवसांतही त्यांनी पिलावळीची मरळ कधी मारली नव्हती, हे मला त्या रात्री कळले. दुसऱ्या दिवशी मी गेलो तेव्हा तो तांबूस पुंजका कोठे दिसला नाही.

ज्यांना हा छंद जोपासावासा वाटेल त्यांनी एवढे लक्षात ठेवावे. धरणातल्या मासेमारीचा हक्क बहुधा मच्छीमार सहकारी संस्थेकडे ठेक्याने असतो. तिला विचारल्याशिवाय भाला टाकू नये. सुरुंग किंवा विष वापरून मासे मारणे हा कायद्याने गुन्हा आहे. श्वास कोंडून एकट्याने बुडी मारू नये. दम संपल्याचे कळण्यापूर्वीच शुद्ध हरपते. फ्रान्स, इटलीसारख्या देशांत हवेची टाकी लावून भाल्याने शिकार करण्यास बंदी आहे. दम संपला की माणसाने वर यावे आणि माशालाही संधी मिळावी, हे त्यामुळे आपोआप साधते. जाळ्याला निवड करता येत नाही. भाल्याला येते. कोणता मासा मारायचा आणि कोणता सोडायचा, हे भालेवाल्याला आधी ठरविता येते. म्हणूनच त्याची जबाबदारी मोठी आहे.

आजोबांना आता मोतीबिंदूमुळे नीट दिसत नाही. मी सुटीत घरी गेलो की ते विचारतात, “कॉलेजात काय शिकवलं?” मागच्या खेपेला मी त्यांना वक्रीभवनाची आकृती त्यांच्या तळहातावर बोटाने काढून दाखविली. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “म्हंजी आपलं बरोबर होतं तर.”

बंदूक अजून कोनाड्यात आहे. भादवा सरल्यावर, पाणी निवळले की मी ती काढतो.