बिनआवाजाचे फटाके

दिवाळीची खरेदी करताना आपण हिशेब मांडतो तो आवाजाचा. थोरल्याला सुतळी बॉम्ब, मधल्याला लवंगीची माळ आणि धाकटीच्या हाती फुलबाजी नाहीतर नागगोळी. जे वाजत नाही ते बाधत नाही, अशी आपली समजूत. श्रोतेहो, ही समजूत जरा तपासून पाहू या.

फुलबाजी म्हणजे तारेवर चढवलेला शोभेच्या दारूचा लेप. त्यातले धातूचे कण पेटून उडतात, त्याच आपल्या चांदण्या. पाणी उकळते 100 अंश सेल्सिअसला. फुलबाजी जळते हजार अंशांच्या आसपास, कधी त्याच्याही वर. ठिणगी इवलीशी, म्हणून हातावर पडली तरी फारशी पोळत नाही आणि मुलाची भीड चेपते. तार मात्र उष्णता धरून ठेवते. विझलेली तार मूल अंगणात टाकते आणि कुणाचा तरी अनवाणी पाय नेमका तिच्यावर पडतो.

नागगोळीची गोष्ट धुराची. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने पुणे विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांसह 2016 साली काही लोकप्रिय फटाक्यांचा धूर मोजला. सर्वांत जास्त सूक्ष्म कण निघाले ते नागगोळीतून; हजाराच्या माळेपेक्षाही जास्त! आणि नाग कसा वर येतो हे पाहायला मुले तर अगदी वाकून बसतात.

मग मुलांना काहीच द्यायचे नाही का? द्या, पण शेजारी उभे राहून. कपडे सुती आणि अंगासरशी असावेत, पायांत चप्पल असावी. एका वेळी एकच फुलबाजी, तीही हात लांब धरून. कडेवरच्या बाळाच्या हाती ती मुळीच देऊ नये. विझलेली तार थेट पाण्याच्या बादलीत टाकावी. नागगोळी उघड्यावर लावावी आणि दूर उभे राहावे. टिकल्या खिशात ठेवू नयेत. घासल्या तर तिथेच पेटतात.

तरीही भाजलेच, तर तो भाग 20 मिनिटे नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरावा. बर्फ, टूथपेस्ट, हळद, शाई काही लावू नये. डोळ्यात ठिणगी गेली तर डोळा न चोळता डॉक्टर गाठावा. कपडे पेटले तर मुलाला पळू न देता जमिनीवर लोळवावे.

यंदा आधी बादली भरा, मग काडी ओढा.