डबीवर जे छापलेलं नसतं

बेल्ह्याचा सोमवारचा बाजार म्हटला की बाहेरच्यांना बैलच आठवतात. बायाबापड्यांची पावलं मात्र कटलरीच्या पालाकडे वळतात. टिकल्या, बांगड्या, पावडर, काळी मेंदी आणि गोरेपणाच्या क्रीमच्या डब्या. अशा पालांवर नि ब्युटी पार्लरमध्ये ज्या समजुती सर्रास ऐकू येतात, त्यांतली सगळ्यांत महागात पडणारी आधी घेऊ.

‘आठ-पंधरा दिवसांत फरक पडतो, म्हणजे क्रीम चांगलीच असणार.’ फरक पडतो हे खरं आहे. काही क्रीममध्ये पाऱ्याचे क्षार घातलेले असतात आणि पारा त्वचेत मेलॅनिन हे रंगद्रव्य तयार होऊ देत नाही. चेहरा उजळतो, शेजारीण विचारते, तिलाही तीच डबी हवी असते. पण पारा कातडीवर थांबत नाही. तो रक्तात उतरून मूत्रपिंडांत साठतो. तिथली गाळणी बिघडली की लघवीला फेस येतो, सकाळी डोळ्यांखाली आणि संध्याकाळी पायांवर सूज दिसते. अकोल्यात एकाच घरातल्या मायलेकींना असाच मूत्रपिंडाचा विकार झाला. ओळखीच्या ब्युटिशियनकडची एकच क्रीम त्या लावत होत्या. मुंबईच्या केईएम रुग्णालयात शोध लागला तेव्हा क्रीममध्ये पारा निघाला. २०२३ च्या सुरुवातीला ही बातमी वर्तमानपत्रांत आली होती. पुढच्या वर्षी केरळातल्या कोट्टक्कलच्या डॉक्टरांनी मूत्रपिंडाच्या एका विकाराचे २२ रुग्ण अभ्यासून निष्कर्ष छापले. त्यांपैकी १५ जणांना ‘नेल-१’ हा दुर्मीळ प्रकार होता आणि त्या १५ पैकी १३ जण गोरेपणाची क्रीम वापरत होते. क्रीम थांबवल्यावर बहुतेकांची तब्येत सुधारली, हे त्यातल्या त्यात बरं.

आपल्याकडच्या २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांत डोळ्यांभोवती लावायची प्रसाधनं सोडली, तर बाकीच्यांत नकळत आलेला पाराही दशलक्षात १ भागापेक्षा जास्त चालत नाही. पण ज्या डबीवर बनवणाऱ्याचा पत्ताच नाही, तिला कसले नियम? डबीवर ‘सोन्या-चांदीला लागू देऊ नका’ अशी सूचना असेल, तर ती तिथेच ठेवून उठावं. पारा सोन्यात मिसळतो, मंगळसूत्र पांढरं पडतं, म्हणून ती सूचना असते. दागिन्याची काळजी छापतात, बाईची नाही.

‘मेडिकलमधून आणलीय, म्हणजे घातक नसणार.’ ही दुसरी समजूत. बेटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन ही स्टेरॉइडं आहेत. डॉक्टरांनी थोड्या दिवसांसाठी दिली तर औषध, महिनोन्‌महिने फेअरनेस क्रीमसारखी लावली तर कातडी पातळ होते, चेहरा लाल पडतो, पुरळ उठतं, लव वाढते. गजकर्णावर लावली तर खाज थांबते आणि गजकर्ण पसरत जातं. २०१८ मध्ये सरकारने अशी बरीच मलमं ‘शेड्यूल एच’मध्ये टाकली, म्हणजे ती चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत. काउंटरवर ती चिठ्ठी मागतं कोण, हा प्रश्न वेगळा. ज्यांना सवय लागलीय त्यांनी एकदम बंद न करता त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावं, कारण अचानक सोडल्यावर चेहरा भडकतो.

मेंदीचं थोडक्यात. पाल्याची मेंदी केशरी ते तपकिरी रंगते, काळी कधीच नाही. काळी झाली म्हणजे बहुधा त्यात पीपीडी हे केस रंगवण्याचं रसायन आहे. त्याने हातावर फोड येतात, आणि एकदा ॲलर्जी जडली की पुढे केसांचा कलपही सोसत नाही. टिकलीखाली पडलेला पांढरा डाग पाहून घरची मंडळी कोडाच्या धास्तीने हादरतात, तेव्हा आधी टिकलीच्या गोंदावर संशय घ्यावा. त्यातल्या काही रसायनांनी रंगपेशी मरतात. टिकली लगेच बंद करून डाग डॉक्टरांना दाखवावा.

आता उलट टोक. ‘केमिकल नकोच, घरचंच बरं.’ डिओमधल्या ॲल्युमिनियमला घाबरून काखेत तुरटी फिरवणारे पुष्कळ भेटतात. तुरटी हा ॲल्युमिनियमचाच क्षार आहे! लिंबू चोळून उन्हात कांदा काढायला गेलं तर चेहऱ्यावर चट्टे उठतात. कोरफडीचा गर बाटलीत भरून ठेवला तर काही दिवसांत त्यात जंतू वाढतात, ते वाढू नयेत म्हणूनच शाम्पूत पॅराबेन घालतात. युरोपात त्याचं प्रमाण एकेकट्याला ०.४ टक्क्याच्या आत ठेवलंय. मला विचाराल तर पॅराबेनची काळजी बिननावाच्या डबीनंतर करावी. तान्ह्या बाळाला पावडर मात्र फासू नये, ती श्वासातून छातीत जाते.

प्रसाधनं विकायला औषधांसारखा परवाना लागत नाही, तो लागतो बनवणाऱ्याला. म्हणून घेताना उत्पादकाचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच नंबर, मुदत आणि घटकांची यादी बघावी. परदेशी माल असेल तर आयातदाराचं नाव आणि नोंदणी क्रमांक. आणि क्रीम लावणाऱ्या कुणाच्या लघवीला फेस येत असेल, तर लघवीतलं प्रथिन तपासून घ्यावं. गरोदर बायकांची प्राथमिक आरोग्य केंद्रात करतात तीच साधी तपासणी. जाताना डबी फेकून न देता सोबत न्यावी.