खिळ्यात न मावलेलं वळण

हातानं लिहिलेला शब्द दोनदा हुबेहूब उतरत नाही, छापलेला उतरतो. सुलेखनाच्या वळणाचा टंक (फाँट) घडवणाऱ्याची खरी झुंज असते ती या भेदाशी. जर्मनीच्या हर्मन झॅप्फ यांची झुंज अर्धशतकाहून अधिक चालली.

न्यूरेंबर्गमध्ये 1918 साली जन्मलेले झॅप्फ सुलेखन शिकले ते बरंचसं पुस्तकांवरून, स्वतःच्या स्वतः. दुसऱ्या महायुद्धात ते सैन्यात नकाशे काढत. भिंगाशिवाय एक मिलिमीटर उंचीची अक्षरं लिहिणारा हा हात. त्यांच्या 1944च्या चित्रवहीत एक पान होतं. त्यावरच्या अक्षरांचे दांडे ओळीच्या वर दूरवर झेपावलेले, शेपट्या खालच्या ओळीत घुसलेल्या. 1948 साली स्टेम्पेल या ओतशाळेत त्यांनी अशी मोकळी अक्षरं धातूत आणायचा घाट घातला, पण शिशानं दाद दिली नाही. छपाईचा खिळा म्हणजे चौकोनी ठोकळा. अक्षराचा फाटा ठोकळ्याबाहेर काढावा, तर दाबाखाली तो मोडायचा. आत ठेवावा, तर वळणाचा जीव जायचा.

पुढे पॅलाटिनो (1950) आणि ऑप्टिमा (1958) या टंकांनी त्यांचं नाव जगभर झालं. ते पान मात्र तसंच राहिलं. 1990च्या दशकात डेव्हिड सिगल हा अमेरिकी तरुण त्यांच्याकडे आला. एकाच अक्षराची अनेक रूपं असलेला टंक करू, असा त्याचा प्रस्ताव होता. झॅप्फना वही आठवली. सिगल मध्येच बाजूला झाला, काम रखडलं आणि अखेर लिनोटाइप कंपनीनं 1998 साली ‘झॅप्फिनो’ बाजारात आणला. त्यात एक नव्हे, चार वर्णमाला होत्या, शिवाय नक्षीचे फराटे. 2003मध्ये अकिरा कोबायाशी यांच्या साथीनं सुधारलेला ‘झॅप्फिनो एक्स्ट्रा’ आला. मॅक संगणकावर ‘झॅप्फिनो’ हा शब्द इंग्रजीत टाइप केला, की शेवटचं अक्षर पडताच सातही अक्षरं मिळून एकच लफ्फेदार आकृती होते. हा निव्वळ चाळा आहे, पण काय देखणा!

मॅकसोबत हा टंक फुकट आला आणि लग्नपत्रिकांपासून अत्तराच्या बाटल्यांपर्यंत सगळीकडे पसरला. त्याचे हालही झाले. सगळी कॅपिटल अक्षरं शेजारी शेजारी मांडली, की फराटे एकमेकांत अडकून नाव वाचताच येत नाही. ओळींत ऐसपैस जागा सोडली नाही, तर दांडे वरच्या ओळीला भोसकतात. माझ्या मते, दोन-चार शब्दांपुढे हा टंक नेऊच नये.

शेजारी कोण आहे ते पाहून अक्षरानं रूप बदलायचं, ही ‘झॅप्फिनो एक्स्ट्रा’मागची युक्ती ओपनटाइप तंत्रातली आहे. रोमन लिपीत ती हौस ठरते. देवनागरीत तिच्यावाचून ‘क्ष’ किंवा ‘त्र’सुद्धा धड उमटणार नाही. र. कृ. जोशींनी मायक्रोसॉफ्टसाठी घडवलेला आपला रोजचा ‘मंगल’ याच तंत्रावर चालतो.