जुन्या लांकडाचे वैद्य कोठें घडणार ?

मुळशीचें नांव निघालें कीं १९२१ सालीं सुरू झालेला सत्याग्रह व सेनापति बापट यांचें स्मरण मराठी मनुष्यास होतेंच. धरणाच्या पाण्याखालीं घरें गेलीं, तें दुःख महाराष्ट्र विसरला नाहीं. परंतु ज्या घरांस पाणी शिवलें नाहीं, तीं आज आपण स्वहस्तें मोडीत आहों, त्याचें काय ? पौडापासून हिंजवडीपर्यंत जमिनीस भाव आला. जुनीं घरें पाडलीं जाऊं लागलीं. आणि त्यांतील सागवानी खांब, देव्हारे, पेटारे मोडीच्या भावानें निघाले. धनी म्हणतो, "दुरुस्त करणारा मिळत नाहीं." आमच्या मतें हें उत्तर बव्हंशीं खरें आहे, आणि खरी लाज त्यांतच आहे.

जुन्या सामानाची दुरुस्ती म्हणजे रंधा मारून नवें पॉलिश चढविणें नव्हे. पूर्वीचे सांधे सरसानें जोडलेले असत. ऊब व ओलावा दिला कीं तो सुटतो व सांधा शाबूत राहतो. लाखेचें पॉलिश स्पिरिटांत विरघळतें. त्या जागीं आजचा कृत्रिम डिंक व प्लास्टिकी लेप लावला, तर पुढच्या दुरुस्तीस जुनें लांकूडच खरवडावें लागतें. हें ज्ञान हातास हवें आणि डोक्यासही हवें.

तें मिळण्याचे मार्ग आज कोणते ? आठवी उत्तीर्ण मुलास औद्योगिक प्रशिक्षण संस्थेंत सुतारकाम एक वर्षांत शिकतां येतें. पुढें १९६१ च्या कायद्यान्वयें उमेदवारी करतां येते. २०२३ सालीं सुरू झालेल्या विश्वकर्मा योजनेंत सुतारास अल्पकालीन शिक्षण, रोज ५०० रुपये विद्यावेतन व हत्यारांसाठीं १५ हजारांपर्यंत साहाय्य ठेविलें आहे. हें स्वागतार्हच, पण येथें भर आहे तो नव्या कामावर. उलट, वस्तुसंरक्षणाचें शास्त्र पाहावें तर लखनौस १९७६ पासून राष्ट्रीय प्रयोगशाळा आहे, आणि दिल्लीकडे पदव्युत्तर शिक्षण मिळतें. पण पदव्युत्तर वर्गाचें दार पदवीधरासच उघडतें. म्हणजे ज्याच्या हातांत पटाशी आहे त्यास शास्त्र नाहीं, आणि ज्यास शास्त्र आहे त्याच्या हातांत पटाशी नाहीं ! फ्रान्स देशांत सरकारी संस्था लांकडी सामानाच्या दुरुस्तीचें पांच वर्षांचें शिक्षण देते, व हात आणि शास्त्र एकाच शाळेंत नांदतात.

पुण्यास हें अशक्य कां असावें ? कै. दिनकर केळकर यांनीं कोरीव दारें गोळा केलीं. कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेषही त्यांच्या संग्रहालयांत पुन्हा उभे राहिले. असा वस्तुपाठ दारीं असतां शाळा मात्र नाहीं. आमची सूचना साधी आहे. औंधच्या औद्योगिक संस्थेंत सुतारकामानंतर दुरुस्तीचा एक वर्षाचा वर्ग काढावा. संग्रहालयानें नमुने दाखवावे. वृद्ध सुतारांस मानधन देऊन शिक्षक नेमावें. आणि मुळशींतील होतकरू मुलांस व्यापाऱ्यांनीं विद्यावेतन द्यावें. या वर्गांत १९७२ चा पुरावस्तूंचा कायदाही शिकवावा. शंभर वर्षांवरील कोरीव काम परदेशीं पाठविण्यास खासगी माणसास मनाई आहे, हें कारागिरास ठाऊक असलें, तर लबाड दलालाचें तो हत्यार बनणार नाहीं.

बलुतेदारी गेली, तिचें दुःख करण्याचें कारण नाहीं. तींत मान थोडा व दास्य फार होतें. परंतु सुताराच्या मुलीस वा मुलास, किंवा कोणत्याही जातीच्या होतकरूस, ही विद्या प्रमाणपत्रासह व पोटभर वेतनासह मिळाली पाहिजे. देव्हारा वांचविण्याचा कळवळा पुष्कळांस आहे. तो वांचविणाऱ्या हातांची तजवीज करील, तोच खरा स्वदेशीचा अभिमानी.