साउथॉलची रात्र आणि नव्या तबकड्या

गेल्या उन्हाळ्यात लंडनला लेकीकडे मुक्काम होता. एका शनिवारी जावईबापू काखेत चौकोनी पुडके घेऊन आले. चेहरा असा, की जणू लग्नात हरवलेला दागिना सापडला! आत निघाली एक तबकडी, लालभडक आणि पारदर्शक. किंमत तीस पौंड. पस्तीस वर्षे बँकेत घासल्यामुळे मनातल्या मनात रुपये करण्याची खोड अजून गेलेली नाही. तीन हजारांच्या वर गेला आकडा.

"अहो, हेच गाणं फोनवर फुकट मिळतं ना?"

"मिळतं बाबा. पण हातात धरता येत नाही."

यावर मी काय बोलणार? आमच्या घरी वडिलांनी घेतलेल्या एचएमव्हीच्या रेकॉर्डी अजून आहेत. फोनो केव्हाच भंगारात गेला, पण त्या मोडीत काढायचे धाडस कोणाला होत नाही.

तबकडी वाजू लागली आणि लेकीने स्वयंपाकघराचे दार लावून घेतले. गाणे कसले, नळावरचे भांडणच! दोन-अडीच मिनिटांत एक गाणे संपते, दुसरे अंगावर येते. 1976-77 साली लंडनमध्ये 'पंक' नावाचे बंडखोर संगीत आले. वर्षा-दोन वर्षांत त्याची फॅशन झाली आणि मोठ्या कंपन्यांनी ते विकायला काढले. तेव्हा कामगार वस्त्यांतली पोरे म्हणाली, हे आमचे राहिले नाही. त्यांनी आपले वेगळे सुरू केले. तेच 'स्ट्रीट पंक', म्हणजे रस्त्यावरचे. पूर्व लंडनच्या गोदी भागातले कॉकनी रिजेक्ट्स (यांनी पहिल्याच अल्बमचे नाव ठेवले 'ग्रेटेस्ट हिट्स, खंड 1'!), डर्बीशायरमधल्या न्यू मिल्सचे ब्लिट्झ, एडिंबराचे एक्स्प्लॉइटेड, स्टोकचे डिस्चार्ज. इंग्लंडात तेव्हा कारखाने बंद पडत होते. 1982 च्या जानेवारीत बेकारांचा आकडा तीस लाखांवर गेला. त्या पोरांच्या आवाजात सूर नव्हता, पण आकांत होता, एवढे माझ्यासारख्या भीमसेनजींच्या भक्तालाही कळते.

साउथ शील्ड्सच्या एंजेलिक अपस्टार्ट्सची गोष्ट मला विशेष वाटली. 1976 साली लिडल टॉवर्स नावाचा एक मुष्टियुद्ध प्रशिक्षक पोलिसांनी पकडल्यानंतर मरण पावला. या पोरांनी 1978 मध्ये स्वतःच्या खर्चाने त्याच्यावर तबकडी काढली. त्यांचा गायक मेन्सी उभा जन्म वंशद्वेष्ट्यांशी भांडला. 2021 च्या डिसेंबरात तो कोविडने गेला.

अशा तबकड्या तेव्हा थोड्याच निघाल्या, गुत्त्यांत आणि मित्रांच्या घरी वाजून वाजून घासल्या गेल्या. आज मूळ प्रत मिळवायची तर खिसा रिकामा होतो. म्हणून या पुनर्मुद्रणांचा बाजार. मूळ ध्वनिफीत हाती लागली तर उत्तम. नाही तर एखादी चांगली राहिलेली जुनी तबकडीच वाजवून तिच्यावरून नवी करतात. ब्रिटनमध्ये 2022 साली तबकड्यांच्या विक्रीची रक्कम सीडीच्या पुढे गेली. 1987 नंतर असे प्रथमच घडले. बेकार पोरांचा आरडाओरडा आता पगारदार माणसे शोकेसमध्ये मांडतात, याची गंमत वाटते. पण जावयाची थट्टा तरी कशी करावी? जुनी नाणी जमवणारा मीही त्याच जातीचा.

तरी आवरण उलटून पाहताना मन थबकले. पाठीमागे रंग छापला होता, वजन 180 ग्रॅम छापले होते, 'मर्यादित प्रती' तर ठळक अक्षरांत. एक तारीख मात्र कुठेच नव्हती.

1997 ते 2000 माझी बदली लंडनला होती. बँकेच्या कामानिमित्त साउथॉलला वरचेवर जाणे होई. तिथल्या एका वृद्ध सरदारजींचे कापडाचे दुकान आमचे जुने खाते. 3 जुलै 1981 ची रात्र मी प्रथम त्यांच्या तोंडून ऐकली. त्या शुक्रवारी साउथॉलच्या हॅम्ब्रो टॅव्हर्न या गुत्त्यात स्ट्रीट पंकच्या तीन चमूंचा कार्यक्रम ठेवला होता: बिझनेस, लास्ट रिसॉर्ट आणि फोर-स्किन्स. बाहेरगावाहून बसगाड्या भरून मुंडण केलेली पोरे आली. त्यांतल्या काहींनी ब्रॉडवेवरच्या आपल्या लोकांच्या दुकानांच्या काचा फोडल्या. याच वस्तीत 1976 साली गुरदीपसिंग चग्गर या कोवळ्या पोराचा खून झाला होता. 1979 साली वंशद्वेष्ट्यांच्या सभेविरुद्ध निदर्शने करताना शिक्षक ब्लेअर पीच मेले होते. या खेपेस साउथॉलची तरुण पोरे घरी बसली नाहीत. पेट्रोल बॉम्ब पडले. रात्र संपेपर्यंत हॅम्ब्रो टॅव्हर्न जळून गेले.

गायक म्हणाले, आम्ही वंशद्वेष्टे नव्हतो. त्यांतले बरेच खरेच नसतील. पण त्याच वर्षी डेका कंपनीने काढलेल्या 'स्ट्रेंग्थ थ्रू ओय' या संग्रहाच्या नावात नाझींच्या घोषणेचा श्लेष होता आणि आवरणावर ब्रिटिश मूव्हमेंट या नाझीवादी संघटनेचा माणूस झळकत होता. कंपनीने तो बाजारातून मागे घेतला. आणि याच काळात एलियन कल्चर नावाच्या चमूत तीन पाकिस्तानी वंशाची पोरे पंक वाजवत होती. 1980 साली 'एशियन यूथ' ही त्यांची तबकडी निघाली. त्यांची नावे किती जणांना ठाऊक आहेत?

मी जावयाला हे सगळे सांगितले. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "बाबा, मग हे छापायलाच नको होतं का?"

छापावे की, नक्की छापावे. मेन्सीचा आवाज हरवला तर तोटाच आहे. पण खतावणीची नावेची बाजू फाडून जमेची तेवढी पुढे करणाऱ्याला आम्ही बँकेत काय म्हणत होतो, ते इथे लिहीत नाही. आवरणावर वजनाला जागा मिळते, तर चार ओळी साउथॉललाही मिळाव्यात.

पुढच्या रविवारी आम्ही दोघे साउथॉलला गेलो. सरदारजी आता नव्वदीला टेकलेत. दुकान मुलगा पाहतो, ते गल्ल्यामागच्या खुर्चीत बसतात. जावयाने भीत भीत तबकडी दाखवली. "या संगीताला 'ओय' म्हणतात, बाबाजी."

"ओय?" ते हसले. "हा शब्द तर आमचा आहे. गोऱ्यांनी कधी नेला?"

मग चष्मा लावून त्यांनी आवरण मागून-पुढून पाहिले. लाल तबकडी अर्धी बाहेर काढून उजेडात धरली. "रंग चांगला आहे," म्हणाले. ती कापडाच्या ठाणावर ठेवली आणि चहा आणायला नातवाला हाक मारली.

"ओय!"