घशाची तक्रार : दुर्लक्ष नको, घबराटही नको

“घसा धरला आहे”, “आवाज बसला आहे”, “घशात काहीतरी अडकल्यासारखे वाटते” ही वाक्ये आमच्या केसपेपरच्या खिडकीपाशी रोज कानी पडतात. साधी घसादुखी बहुधा विषाणूंमुळे होते व आठवडाभरात आपोआप ओसरते. तिला प्रतिजैविकांची गरज सहसा नसते. प्रश्न उरतो तो महिनोन्‌महिने न हटणाऱ्या तक्रारींचा. अशा तीन रुग्णांचे अनुभव, त्यांची ओळख न देता, येथे मांडत आहे.

पहिल्या रुग्ण प्राथमिक शाळेतील शिक्षिका. वर्षभर आवाज घोगरा. ज्येष्ठमध, हळदीचे दूध, गुळण्या सर्व करून झाले होते. दुर्बिणीच्या तपासणीत स्वरतंतूंवर लहान गाठी आढळल्या. सतत उंच स्वरात बोलण्याने त्या होतात व त्या कर्करोगाच्या नसतात. शस्त्रक्रिया करावी लागली नाही. वाचा-उपचार, पुरेसे पाणी आणि वर्गात न ओरडता शिकविण्याची सवय यांनी काही महिन्यांत आवाज सुधारला. “औषधापेक्षा सवय मोडणे कठीण गेले,” असे त्या म्हणाल्या.

दुसरे गृहस्थ दुकानदार. घशात गोळा असल्याची जाणीव, वारंवार खाकरणे आणि मनात कर्करोगाची धास्ती. धास्तीपोटी अनेक दवाखाने पालथे घातले, पण दुर्बिणीची तपासणी मात्र टाळली. अखेर ती झाली तेव्हा गाठ नव्हती. जठरातील आम्ल घशापर्यंत येत असल्याची लक्षणे दिसली. दुकान बंद करून रात्री उशिरा जेवणे व लगेच आडवे होणे हे त्याचे एक कारण. जेवण व झोप यांत तीन तासांचे अंतर, पलंगाची उशाकडील बाजू उंच आणि ठरावीक काळ औषध, एवढ्याने त्रास बराच कमी झाला. निदान समजताच निम्मे दुखणे गेले, असे त्यांनी सांगितले.

तिसरे रुग्ण अल्पभूधारक शेतकरी, अनेक वर्षे विडी ओढणारे. आवाज बसून सात महिने झाले, श्वास घेताना आवाज येऊ लागला, तेव्हा ते आले. कर्करोग पुढे गेलेला होता. स्वरयंत्र काढावे लागले. आज ते गळ्यावरील छिद्रातून श्वास घेतात आणि पाटीवर लिहून बोलतात. हाच रोग स्वरतंतूंपुरता असताना सापडला असता, तर किरणोपचाराने बरा होऊन आवाजही राखता येण्याची शक्यता मोठी होती. उशिराचे कारण विचारले असता त्यांनी पाटीवर लिहिले : “पैसे नव्हते.”

वस्तुतः त्यांच्यासाठी सोय होती. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक अन्वये, मुंबई उच्च न्यायालयाने मंजूर केलेल्या व २००६ पासून लागू असलेल्या योजनेनुसार, धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य व १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी सवलतीच्या दराने राखीव असतात. एकूण देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा होते. हिशेबाच्या वहीत हा निधी मी दरमहा पाहतो. पण तो गरजूंच्या कानापर्यंत पोहोचला नाही, ही उणीव रुग्णाची नसून आम्हा व्यवस्थापनाची आहे, हे नम्रपणे मान्य करावे लागते.

म्हणून वाचकांस विनंती : आवाज तीन आठवड्यांपेक्षा अधिक काळ बसलेला असेल, गिळताना त्रास होत असेल, थुंकीतून रक्त येत असेल, मानेत गाठ लागत असेल किंवा वजन घटत असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून स्वरयंत्राची तपासणी त्वरित करून घ्यावी. श्वास घेताना आवाज येऊ लागल्यास एक दिवसही थांबू नये. तंबाखू, विडी, मिश्री वा मद्य यांची सवय असणाऱ्यांनी विशेष दक्ष राहावे. दीर्घ खोकला व ताप सोबत असल्यास क्षयरोगाचीही तपासणी आवश्यक ठरते.

खर्चाची चिंता असल्यास उत्पन्नाचा दाखला वा शिधापत्रिका घेऊन प्रथम समाजसेवा अधीक्षकांना भेटावे. शेजारीपाजारी कोणाचा आवाज बसलेला असेल, तर त्यासही हे अवश्य सांगावे.